पोटाचा मुका मार

आपल्या भाषेत ‘मुका मार’ असा एक शब्द आहे. रक्त नाही, जखम नाही, हाड मोडलेले नाही, तरी मार लागला आहे, असा त्याचा अर्थ. खरचटले तर आपण लगेच हळद दाबतो, हाड मोडले तर दवाखाना गाठतो. मुका मार मात्र आपण अंगावर काढतो. ‘दोन दिवसांत उतरेल’ असे म्हणतो. हाता-पायाच्या बाबतीत ते बहुधा खरेही ठरते. पोटाच्या बाबतीत हा हिशेब चुकतो. तो कसा चुकतो हे मला एका रुग्णाने शिकवले आणि त्याची किंमत त्यानेच मोजली.

गोष्ट १९९३ सालची. मी नुकताच या गावात शस्त्रक्रियेचा दवाखाना सुरू केला होता. पोळ्याचा आदला दिवस, खांदेमळणीचा. संध्याकाळी पंचविशीचा एक शेतकरी चालत दवाखान्यात आला. ओढ्यावर बैल धुताना बैलाने त्याच्या पोटात ढुशी मारली होती. शिंग लागले नव्हते, बैलाचे कपाळ पोटावर बसले होते. नाडी ८८, रक्तदाब १२०/८०. पोट मऊ होते, बेंबीच्या वर दाबल्यावर थोडे दुखत होते. उभ्याने एक्स-रे काढला, त्यात काही दिसले नाही. सोनोग्राफी त्या वेळी आमच्या गावात नव्हती. मी दुखणे थांबवण्याचे इंजेक्शन दिले, गोळ्या दिल्या आणि ‘दुखले तर उद्या या’ असे सांगून त्याला घरी पाठवले.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. पोळा होता, गोळीने बरेही वाटत होते. दुपारी तो घरच्यांबरोबर पुरणपोळी जेवला. रात्री उलट्या सुरू झाल्या. घरच्यांना वाटले, जेवण जास्त झाले. पोट फुगले तेव्हा कोणी तेल चोळले, कोणी शेक दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी जीपमध्ये घालून त्याला आणले तेव्हा नाडी १४० होती, जीभ कोरडी पडली होती आणि पोट फळीसारखे कडक झाले होते. तातडीने शस्त्रक्रिया केली. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात आठ आण्याच्या नाण्याएवढे भोक होते आणि सारे पोट पुवाने भरले होते. भोक शिवले, पोट धुतले. पण जंतूंचे विष रक्तात भिनले होते. पाचव्या दिवशी तो गेला.

त्याचे वडील मला एवढेच म्हणाले, “डॉक्टरसाहेब, पहिल्या दिवशी तर काहीच नव्हतं ना हो?”

त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. पहिल्या दिवशीही भोक होते, फक्त ते दिसत नव्हते. आणि त्याला एक रात्र दवाखान्यात ठेवून घेण्याऐवजी घरी पाठवणे ही माझी चूक होती. आजचा लेख त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर आहे.

पोटात नेमके काय होते?

मोठ्या माणसाचे लहान आतडे सुमारे ६ मीटर, म्हणजे जवळजवळ २० फूट लांब असते. मोठे आतडे दीड मीटर. हा सारा पसारा पोटाच्या पुढच्या बाजूला असतो. त्याच्यापुढे फक्त पोटाचे स्नायू आणि कातडी, मागे मात्र पाठीचा कणा. छातीला बरगड्यांचा पिंजरा आहे, मेंदूला कवटी आहे, आतड्याला असे कवच नाही.

पोटावर आघात झाला की आतड्याला तीन प्रकारे इजा होते. पहिला प्रकार चिरडण्याचा. पुढून सायकलचे हँडल, बैलाचे कपाळ किंवा मोटारीचे स्टिअरिंग, मागे मणका, आणि मध्ये आतडे. अडकित्त्यात सुपारी सापडावी तसे ते सापडते. दुसरा प्रकार ओढ बसण्याचा. आतडे बहुतेक ठिकाणी सैल असते, पण लहान आतड्याच्या सुरुवातीला आणि ते मोठ्या आतड्याला मिळते तिथे ते पक्के बांधलेले असते. वेगातले वाहन एकदम थांबले किंवा माणूस झाडावरून पडला की सैल भाग पुढे धावतो आणि बांधलेल्या जागी फाटतो. जनावर बुजून पळाले की दावे खुंट्यापाशीच तुटते, तसे. तिसरा प्रकार फुटण्याचा. आतड्याच्या एखाद्या वेटोळ्याची दोन्ही तोंडे त्या क्षणी दबलेली असतील, तर आतल्या हवेचा दाब एकदम वाढतो आणि फुगवलेल्या कागदी पिशवीवर थाप मारावी तसे ते फुटते.

यांखेरीज आतड्याला रक्त पुरवणारा एक पातळ पडदा असतो, त्याला मेसेंटरी म्हणतात. तो फाटला तर पोटात रक्तस्राव होतो. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला, तर आज शाबूत दिसणारे आतडे दोन-चार दिवसांनी काळे पडून फुटते.

पोटाच्या मुक्या मारात सर्वांत जास्त वेळा इजा होते ती प्लीहेला, म्हणजे पाणथरीला, आणि यकृताला. आतड्याची इजा त्या मानाने क्वचित होते. पण ती क्वचित होते म्हणूनच नजरेतून सुटते.

पहिल्या दिवशी पोट गप्प का?

जठरातला रस तीव्र आम्लाचा असतो. जठर फुटले तर तो रस पोटभर पसरतो, आग होते आणि रुग्ण तडफडतो. निदानाला वेळ लागत नाही. लहान आतड्यातला रस इतका जहाल नसतो आणि सुरुवातीच्या भागात जंतूही थोडे असतात. शिवाय भोक पडताच आतड्याचे स्नायू आकसतात आणि आतले अस्तर बाहेर येऊन भोकाला बोळ्यासारखे बसते. पोटात चरबीची एक झालर असते. डॉक्टर मंडळी तिला ‘पोटातला पोलीस’ म्हणतात, कारण कुठे गडबड झाली की ती तिथे जाऊन चिकटते. निसर्गाने केलेली ही तात्पुरती डागडुजी काही तास टिकते. त्या काळात रुग्ण चालतो, बोलतो, चहाही मागतो.

मग हळूहळू गळती वाढते, जंतू वाढतात, पोटाच्या आतल्या अस्तराला सूज येते. तेव्हा पोट कडक होते, फुगते, ताप येतो, नाडी धावू लागते. म्हणजे पोट बोलू लागते तेव्हा बरेच तास निघून गेलेले असतात.

ड्युओडेनम, म्हणजे जठराला लागून असलेला आतड्याचा पहिला भाग, याहून फसवा. तो पोटाच्या अगदी मागे, कण्याला चिकटून असतो. त्याची गळती मागच्या बाजूला होते. दुखते पाठीत आणि पोट मात्र मऊ राहते. मुलांमध्ये कधी त्याच्या भिंतीत फक्त रक्त साकळते आणि एक-दोन दिवसांनी उलट्या सुरू होतात. असे साकळलेले रक्त बहुधा शस्त्रक्रियेशिवाय विरते, पण दोन-तीन आठवडे सलाईनवाटे पोषण द्यावे लागू शकते.

उशिराची किंमत

अमेरिकेतील ८ ट्रॉमा केंद्रांनी लहान आतड्याला मुका मार लागलेल्या १९८ रुग्णांची माहिती तपासून २००० साली प्रसिद्ध केली. मार लागल्यापासून ८ तासांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण शेकडा २ होते. ८ ते १६ तासांत ते ९ झाले, १६ ते २४ तासांत १७, आणि २४ तासांनंतर जवळजवळ ३१. जखम तीच, डॉक्टर त्याच तोडीचे, फरक फक्त घड्याळाचा.

जादूगार हूडिनीचे नाव अनेकांनी ऐकले असेल. २२ ऑक्टोबर १९२६ रोजी कॅनडात माँट्रियल येथे एका तरुणाने त्याच्या पोटात ठोसे मारले. दुखत असतानाही हूडिनी प्रयोग करत राहिला. दोन दिवसांनी डेट्रॉइट येथे अंगात सणसणीत ताप असताना त्याने अखेरचा प्रयोग केला. नंतर शस्त्रक्रिया झाली तेव्हा अपेंडिक्स फुटून पोटात पू झाला होता. ३१ ऑक्टोबरला तो मरण पावला. अपेंडिक्स ठोशामुळे फुटले की आधीपासून सुजलेले होते, याविषयी डॉक्टरांत आजही एकमत नाही. पण पोटाचे दुखणे अंगावर काढण्याचा परिणाम काय होतो, ते यातून दिसते.

निदान कसे करतात?

प्रथम डॉक्टर हकीगत विचारतात. मार कशाचा, किती जोराचा, किती वाजता? मग पोट उघडे करून नीट पाहतात. हँडलच्या टोकाचा गोल वण, टायरचा ठसा किंवा सीट बेल्टच्या पट्ट्याएवढा निळा वळ पोटावर असेल, तर आत इजा असण्याची शंका बळावते.

एक्स-रेमध्ये छाती आणि पोट यांमधल्या पडद्याखाली हवा दिसली, तर कुठेतरी भोक पडले हे निश्चित. पण हवा दिसली नाही म्हणजे आतडे शाबूत असे मात्र नाही. बऱ्याच रुग्णांत ती दिसतच नाही. १९९३ साली मी तिथेच फसलो.

सोनोग्राफी पोटातले रक्त आणि पाणी चटकन दाखवते, यकृत आणि पाणथरी दाखवते. आतड्यात हवा असल्याने त्यातले भोक तिला सहसा दिसत नाही. म्हणून ‘सोनोग्राफी नॉर्मल आहे’ या वाक्यावर निर्धास्त होऊ नये. सोनोग्राफी येण्यापूर्वी पोटात सुई किंवा बारीक नळी घालून आत रक्त वा पित्त आहे का ते पाहत. नळीने पोट धुऊन तपासण्याची पद्धत १९६५ साली अमेरिकेत सुरू झाली. जिथे इतर साधने नाहीत, तिथे ती आजही उपयोगी पडते.

सर्वांत चांगली तपासणी म्हणजे शिरेतून औषध देऊन केलेला सीटी स्कॅन. आतड्याबाहेरचे हवेचे बुडबुडे, भिंतीची सूज, वेटोळ्यांमधले पाणी त्यात दिसते. यकृत आणि पाणथरी धडधाकट असताना पोटात पाणी दिसले, तर ते आतड्यातून आले असावे अशी शंका घ्यावीच लागते. तरीही पहिला सीटी नॉर्मल आणि पुढे आतड्यात भोक, अशी उदाहरणे जगभर नोंदलेली आहेत.

मग खात्रीचा मार्ग कोणता? पुन्हा पुन्हा तपासणे. तासा-तासाला नाडी, रक्तदाब, श्वास आणि लघवी मोजायची. दर चार-सहा तासांनी, शक्यतो त्याच डॉक्टरने, पोटावर हात ठेवायचा. रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजायच्या, गरज वाटली तर सोनोग्राफी किंवा सीटी पुन्हा करायचा. दारू प्यायलेला, डोक्याला मार लागलेला किंवा मांडीचे हाड मोडलेला रुग्ण पोटाची तक्रार नीट सांगू शकत नाही. अशा रुग्णाकडे दुप्पट लक्ष द्यावे लागते.

दोन वर्षांपूर्वी ११ वर्षांचा एक मुलगा आला. सायकलसह चारीत पडला होता आणि हँडलचे टोक पोटात घुसले होते. बेंबीशेजारी रुपयाएवढा वण होता. सोनोग्राफी नॉर्मल. वडील म्हणाले, “सगळं नॉर्मल आहे तर ठेवता कशाला? उद्या त्याचा पेपर आहे.” मी त्यांना हात जोडून म्हटले, एक रात्र मला द्या. सिस्टरांनी रात्रभर तक्ता भरला. ८ वाजता नाडी ९२, १२ वाजता १०४, पहाटे ४ वाजता १२२. चारला हिरवी उलटी झाली आणि मुलगा पोटाला हात लावू देईना. सोनोग्राफी पुन्हा केली तेव्हा पाणी दिसले, सीटीमध्ये हवेचे दोन बुडबुडे दिसले. सकाळी शस्त्रक्रिया केली. भोक जवळजवळ तिथेच होते, जिथे १९९३ साली मी पाहिले होते. आठव्या दिवशी मुलगा चालत घरी गेला. त्याचा पेपर बुडाला, वर्ष मात्र बुडाले नाही.

उपचार काय?

यकृत किंवा पाणथरीला चीर पडली असेल आणि रक्तदाब स्थिर असेल, तर हल्ली बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेशिवाय बरे होतात. आतड्याला आरपार भोक पडले असेल, तर ते औषधाने बुजण्याची वाट पाहता येत नाही, शस्त्रक्रियाच लागते. तोंडाने काही न देणे, सलाईन, नाकातून जठरात नळी, प्रतिजैविके आणि रक्ताची सोय ही त्याची पूर्वतयारी.

पोट मधोमध उघडून आम्ही आतडे सुरुवातीपासून शेवटपर्यंत, दोन्ही बाजूंनी, हाताखालून घालून पाहतो. एक भोक सापडले म्हणून तिथे थांबायचे नसते, दुसरे असू शकते. लहान भोक असेल तर कडा साफ करून शिवतात. जवळजवळ अनेक भोके असतील किंवा आतडे काळे पडले असेल, तर तेवढा तुकडा काढून दोन टोके जोडतात. मग कित्येक लिटर सलाईनने पोट धुतात. ही कला आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेत छिद्र पडलेल्या आतड्याच्या कडा काळ्या मुंग्यांकडून चावून धरवाव्यात आणि मुंग्यांची डोकी तशीच ठेवावीत, असे वर्णन आहे.

उशीर झाला असेल, पोटात पू असेल किंवा रुग्ण फार खालावला असेल, तर टाका धरेल याचा भरवसा नसतो. अशा वेळी आतड्याचे तोंड पोटावर काढून पिशवी लावतात. नातेवाईक हे ऐकून घाबरतात. पण ही व्यवस्था बहुधा तात्पुरती असते. दोन-तीन महिन्यांनी, प्रकृती सुधारल्यावर, आतडे पुन्हा जोडून आत ठेवता येते.

खरे सांगा

मार कसा लागला हे अनेकदा लपवले जाते. भांडणात लाथ बसलेली असते आणि सांगतात ‘पायरीवरून पडलो’. पोलिसांची भीती असते. नवऱ्याने पोटात लाथ मारलेली बाई ‘मोरीत घसरले’ म्हणते, कारण शेजारी सासू उभी असते. मी अशा वेळी नातेवाइकांना बाहेर बसवून पुन्हा विचारतो. घसरण्याचा मार आणि लाथेचा मार आतड्याला सारखा नसतो, म्हणून डॉक्टरला खरे कळले पाहिजे. डॉक्टर पोलिसांना कळवतील, पण उपचार त्यासाठी थांबत नाहीत. जखमीवर आधी उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच दिला आहे. पैशांसाठीही थांबू नका. रस्त्यावरील अपघातातल्या जखमींसाठी ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचारांची योजना केंद्र सरकारने २०२५ साली लागू केली आहे.

वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे

१. पोटाला जोराचा मार लागला तर दुखत नसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मार लागल्याची वेळ लिहून ठेवा.

२. डॉक्टर पाहीपर्यंत चहा, पाणी, हळद-दूध काहीही देऊ नका. शस्त्रक्रिया लागली तर पोट रिकामे हवे.

३. पोट चोळू नका, तेल लावू नका, शेकू नका, एनिमा किंवा जुलाबाचे औषध देऊ नका.

४. दुकानातून दुखण्याची गोळी आणून खाऊ नका. दाखल झाल्यावर डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक वेगळे. तिथे पाहणारे कोणी असते, घरी ती गोळी फक्त लक्षण झाकते.

५. डॉक्टरांनी २४ तास ठेवून घ्यायचे म्हटले तर वाद घालू नका. ‘काहीच तर करत नाहीत’ असे वाटेल. पण ते पाहत असतात आणि तोच त्या दिवसाचा उपचार असतो.

६. घरी सोडले तरी चार-पाच दिवस सावध राहा. दुखणे वाढणे, खोकताना किंवा गाडीच्या धक्क्याने पोटात कळ येणे, उलटी, पोट फुगणे, वारा न सरणे, लघवी कमी होणे, ताप, चक्कर, खांद्यात दुखणे, यांपैकी काहीही झाले तर रात्र असली तरी निघा. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा.

७. नाडी मोजायला शिका. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटे ठेवून घड्याळाप्रमाणे पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. स्वस्थ पडलेल्या मोठ्या माणसाची नाडी ६० ते १०० असते. ती तासा-तासाला चढत असेल तर पोटात काही बिघडत आहे असे समजा.

८. मुलांच्या सायकलच्या हँडलची रबरी मूठ फाटली असेल तर आजच बदला. उघडी नळी पोटात फार वाईट घुसते. लहान मुलाला मोटारसायकलच्या टाकीवर बसवू नका. मोटारीत सीट बेल्ट जरूर लावा, त्याने जीव वाचतो. मात्र खालचा पट्टा पोटावरून न घेता कमरेच्या हाडांवरून घ्या.

पोटाचा मार मुका असतो तो पहिले काही तास. नंतर तो बोलतो, आधी नाडीतून आणि मग पोटातून. त्या वेळी रुग्ण घरी एकटा झोपलेला नसावा, शेजारी घड्याळ घेऊन कोणीतरी जागे असावे. त्या वडिलांना मला हेच सांगायचे होते. हे कात्रण कापून घरात ठेवा, आणि शेजारच्या घरात कोणाला बैलाने ढुशी मारली असे ऐकले तर त्यांनाही वाचून दाखवा.